भरवणे आणि जेवणे : बालसंगोपनाच्या मराठी गद्यातला कर्ता

१

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी नात तेव्हा दोन वर्षे चार महिन्यांची होती. तिचे आईवडील दोघेही नोकरी करतात, त्यामुळे तिचे दुपारचे जेवण माझ्याकडे असते. जेवण म्हणजे काय, तर पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून ठेवायचा, त्यावर हलती चित्रे लावायची आणि तिचे तोंड उघडले की घास आत सारायचा. वीस मिनिटांत वाटी रिकामी होई. संध्याकाळी मुलगी विचारायची, "आई, जेवली का ती?" आणि मी मोठ्या समाधानाने सांगायची, "सगळं संपवलं." त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती आणि दुपारपर्यंत मोबाइलही बंद पडला होता. मी घास पुढे केला. नातीने तोंड उघडले नाही. ती वाटीवर वाकली आणि म्हणाली, "आजी, हे काय आहे?"

वाटीत वरणभात होता. वर्षभर ती तो जवळजवळ रोज खात होती.

मी ३४ वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. त्यामुळे असेल, पण त्या दुपारी मला मोबाइलपेक्षा माझ्याच एका शब्दाने अधिक त्रास दिला. 'संपवलं.' कोणी संपवले? वाटी मी संपवली होती. खाल्ले तिने, हे खरे. पण त्या खाण्यात ती नव्हती. तिच्या हाताला भात लागला नव्हता, डोळ्यांना दिसला नव्हता. जेवणाच्या वाक्यात ती कर्ता नव्हतीच.

पुढचे वर्षभर मी एक काम केले. घरातली, ग्रंथालयातली, ओळखीच्यांच्या माळ्यांवरची बालसंगोपनाची मराठी पुस्तके आणि मासिकांतली सदरे जमवून वाचली. त्यांच्या जोडीला आपल्या साहित्यातली बालपणाची काही थोर वर्णने पुन्हा काढली. मूल कसे वाढवावे हे शिकण्यासाठी हे वाचन नव्हते. घरातला मुलाचा दिवस, म्हणजे त्याचे उठणे, न्हाणे, जेवणे, खेळणे आणि झोपणे, मराठी गद्यात कोणत्या वाक्यांत मांडला जातो आणि त्या वाक्यांचा कर्ता कोण असतो, एवढेच मला पाहायचे होते.

२

या लेखनात दोन व्याकरणिक रूपे पदोपदी भेटतात. पहिले प्रयोजक क्रियापदाचे. मूल उठते, त्याला उठवायचे असते. मूल निजते, त्याला निजवायचे असते. मूल खेळते, त्याला खेळवायचे असते. बसवणे, चालवणे, हसवणे, भरवणे ही सगळी याच घराण्यातली. न्हाऊ घालणे आणि जेवू घालणे ही त्यांची संयुक्त भावंडे. मूळ धातूत जी क्रिया मूल स्वतः करते, ती प्रयोजक रूपात दुसरा कोणी त्याच्याकडून करवतो. मूल कर्त्याच्या जागेवरून उठते आणि 'मुलाला' होऊन कर्माच्या पाटावर बसते. 'शिकवणे' हे आपले लाडके क्रियापदही 'शिकणे'चे प्रयोजक आहे, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

दुसरे रूप विध्यर्थाचे. 'मुलाला वेळेवर झोपवावे', 'जेवताना घाई करू नये', 'दोन वेळा दात घासून द्यावेत' या धाटणीची वाक्ये कोणत्याही सल्ल्याच्या पानावर सापडतील. 'मुलाला वेळेवर झोपवावे' हे वाक्य नीट पाहा. यात झोपवणारे माणूस कुठे आहे? 'आईने' हा शब्द गाळलेला आहे. तो लिहायची गरज कोणाला वाटत नाही, कारण सगळ्यांना तो ठाऊक आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत प्रयोगांचा जो विचार आपण वाचत आलो, त्यातला हा भावे प्रयोग. इथे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही आणि कर्माच्याही नाही. ते कोणालाच बांधलेले नसते.

म्हणजे एका छोट्याशा वाक्यात दोन माणसे नाहीशी होतात. ज्याला झोप येते ते मूल कर्म होऊन बसते आणि जिच्या पाठीला कळ लागते ती बाई वाक्यातून गळून जाते. उरते ती क्रिया, कर्तव्याच्या रूपात.

भाषेत अमुक रूप आहे म्हणून घरात तसे वागले जाते, असा माझा दावा नाही. तान्ह्या मुलाला निजवावेच लागते, भरवावेच लागते. सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड द्यावी हे आजचे वैद्यकही सांगते आणि आपल्याकडचे उष्टावणही साधारण त्याच सुमाराला होते. त्या दिवशी मामाच्या हातून पहिला घास घेणारे बाळ चमचा धरू शकत नाही. प्रश्न पुढचा आहे. नवव्या-दहाव्या महिन्यात तेच बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलू लागते. दीड-दोन वर्षांचे झाले की 'मी मी' किंवा 'माझं मी' म्हणत चमचा हिसकावते. त्या घडीला त्याने व्याकरण बदलायला घेतलेले असते. आपले गद्य मात्र तिथेही 'भरवावे'वरच थांबलेले असते.

३

दिनक्रमाचा कर्ता कोण, हा प्रश्न घेऊन मी प्रथम लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे गेले. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. बाजारातून आलेले सामानसुमान धुऊन घेण्यापर्यंत गेलेले ते वेड. आपण ते वाचून हसतो, कारण लक्ष्मीबाईंचे सांगणेच तसे आहे. मीही वर्गात ते हसत हसतच शिकवले.

या वेळी वाचताना जाणवले की हे एका घराच्या दिनक्रमाचे चित्र आहे, आणि तो दिनक्रम अत्यंत शिस्तीचा आहे. कशानंतर काय, कोणी कशाला शिवायचे, कशाला नाही, सगळे ठरलेले. आजच्या पुस्तकांत 'मुलांना ठरावीक दिनक्रमामुळे सुरक्षित वाटते' असे सांगितलेले असते, आणि ते खोटे नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असले की लहान मूल शांत होते. पण लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या घरात दिनक्रम इतका ठरावीक असूनही कोणी सुरक्षित नाही. कारण त्याच्या मध्यभागी मुलांची भूक नाही, मुलांची झोप नाही. एका मोठ्या माणसाची भीती आहे. बायकामुलांचा दिवस त्या भीतीच्या भोवती फिरतो.

शिस्त आणि दिनक्रम या गोष्टी आपण सरसकट चांगल्या मानतो. 'स्मृतिचित्रे' त्यांच्याकडे पाहण्याची एक कसोटी हातात देते : हा दिनक्रम कोणाच्या गरजेवर बेतलेला आहे? ही कसोटी मी स्वतःला लावली. वीस मिनिटांत वाटी रिकामी करण्यामागेही भीतीच होती. मुलगी घरी आल्यावर काय म्हणेल, वजन कमी भरले तर काय, अशी. माझे सोवळे वेगळ्या जातीचे होते, एवढेच.

४

बालसंगोपन आणि मराठी साहित्य असे म्हटले की पहिले नाव 'श्यामची आई'चे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. संस्कारांचे पुस्तक म्हणून आपण ते तीन-चार पिढ्या वाचत आलो. मी ते दिनक्रमाचे पुस्तक म्हणून वाचले, आणि ते तसे आहेही. त्यातले बरेचसे प्रसंग आंघोळ, जेवण, देवपूजेची फुले, पोहणे, घरातली कामे यांच्याभोवतीच घडतात. मोठे नाट्य त्यात कमीच आहे.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. पहिला सर्वांना पाठ आहे. आंघोळ झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपले लुगडे पसरते, आणि पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप, अशा अर्थाचे सांगते. दुसरा प्रसंग पत्रावळीचा. पानाला पान जोडून पत्रावळ लावायचे काम श्यामला सुरुवातीला जमत नाही, नकोही असते, शेवटी जमते.

पहिल्या प्रसंगात क्रिया सगळी आईची आहे. श्याम उभा आहे आणि त्याच्यासाठी केले जात आहे. त्या प्रसंगातला बोध उत्तम, पण बोध ऐकण्यापलीकडे मुलाला तिथे काम नाही. दुसऱ्यात हात श्यामचा आहे. पाने त्याच्या बोटांत फाटतात, नीट बसत नाहीत, आणि मग कधीतरी बसतात. घरातल्या रोजच्या जेवणातला एक खरा भाग त्याच्या वाट्याला येतो. पत्रावळ हे खेळातले जेवण नव्हे. तिच्यावर माणसे जेवणार आहेत. पोहण्याच्या प्रसंगातही तेच. आई कठोर होऊन त्याला विहिरीकडे धाडते, पण पाण्यात हातपाय मारायचे ते श्यामलाच. ती कठोरता आज मला जशीच्या तशी मान्य होणार नाही. तरी त्या वाक्याचा कर्ता श्याम आहे, हे मान्य करावे लागते.

आपल्या सार्वजनिक आठवणीत या दोहोंपैकी कोणता प्रसंग अधिक राहिला? तळव्यांचा. व्याख्यानांत तोच येतो, आईविषयीच्या निबंधांत तोच येतो. पत्रावळीचा उल्लेख मी क्वचितच ऐकला. हा दोष साने गुरुजींचा नाही, वाचकांचा आहे. त्यांनी दोन्ही लिहिले. आपण त्यातले ते निवडले ज्यात आई देते आणि मूल घेते.

वाचकांनी आणखी एक गोष्ट केली. 'श्यामची आई'मधली आई वाक्यातून गळालेली नाही. ती कर्ता म्हणून ठळकपणे हजर आहे. तिचे कष्ट, तिचे दारिद्र्य, तिचे आजारपण मुलाने आठवून आठवून सांगितले आहे. एका विशिष्ट बाईचे, कोकणातल्या एका विशिष्ट घरातले ते चरित्र आहे. आपण त्या चरित्राचा विध्यर्थ केला. 'आई अशी होती' या वाक्याचे 'आईने असे असावे' हे रूपांतर होताना तिचे कष्ट निघून गेले आणि कर्तव्य तेवढे राहिले. सल्ल्याच्या पुस्तकांतला तो गाळलेला 'आईने' कुठून आला, याचे एक उत्तर इथे मिळते.

जात्यावरच्या ओव्यांत असे होत नाही. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतली बाई स्वतःच्या तोंडाने, स्वतःला 'मी' म्हणत बोलते. दळण आणि लेकरू दोन्ही तिच्या एकाच पहाटेत असतात, आणि तिला झोप येते, हात दुखतो, हेही ती सांगते. छापील सल्ल्याच्या गद्याने जे गाळले ते ओवीने जपले होते.

५

मुलाला पुन्हा कर्त्याच्या जागी बसवण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न आपल्याकडे झाला तो बालशिक्षणाच्या चळवळीतून. त्याची एक मुळी दूर रोममध्ये आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी पहिले 'बालगृह' उघडले. आईबाप कामावर गेले की चाळीत मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. तिथे मुले पाणी ओतत, केर काढत, गुंड्या लावत, टेबल मांडत. घरातली कामे हीच शिक्षणाची साधने झाली. इथे गिजुभाई बधेका यांनी ते विचार आत्मसात करून १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक तिथे गेल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

हा इतिहास बालशिक्षणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. माझ्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग १९४५ पासूनचा, बोर्डीचा. ताराबाई आणि त्यांच्या सोबत अनुताई वाघ या ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या गावात गेल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले नियमित येईनात. तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीत नेली, घरांच्या अंगणात. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी वाटतो. त्याचा जन्म या अंगणात आहे. तिथला पहिला पाठ अक्षरांचा नव्हता. मुलांना आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. खेळायला शिंपले, खडे, बिया, पाने. महागडी साधने नव्हती आणि त्यांच्यावाचून अडलेही नाही.

बोर्डीच्या अंगणात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या असे मला वाटते. एक, आंघोळ आणि वेणीफणी ही आईची खासगी कामे न राहता शिक्षणाचा भाग झाली, म्हणजे ती करणाऱ्या माणसाला नाव आणि मान मिळाला. दोन, हे सारे वस्तीच्या डोळ्यांदेखत झाले. आई उंबऱ्यात उभी राहून पाहू शकत होती की आपले मूल स्वतः फणी धरते, स्वतः हात धुते. तिला कोणी व्याख्यान देत नव्हते. सल्ल्याच्या पुस्तकात जे 'करावे' म्हणून येते ते इथे नुसते दिसत होते.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले तेव्हा त्यांनी आणखी एक सत्य ओळखले. वारली पाड्यांतली मोठी मुले शाळेत येत नव्हती, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळत होती किंवा गुरे राखत होती. म्हणून बालवाडीला आणि प्राथमिक शाळेला पाळणाघराची जोड देणारी विकासवाडी उभी राहिली आणि गुरे चरतात त्या माळावर कुरणशाळा भरली. मुलाच्या दिवसात बदल करायचा तर आधी तो दिवस कोणाच्या कामाला बांधलेला आहे ते पाहायला हवे, हे त्यांच्या कृतीत आहे. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचताना मला त्यातल्या गद्याचा साधेपणा प्रत्येक वेळी नवा वाटतो. त्या 'असे करावे' म्हणत नाहीत. 'आम्ही असे केले' म्हणतात, आणि 'जमले नाही' हेही सांगतात. बालसंगोपनाच्या लेखनात कर्ता परत आणला तो या बायकांनी.

६

आज काय आहे? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ३ ते ८ हा वयोगट एक सलग टप्पा मानला आणि खेळाला मध्यभागी ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांच्या दिवसाचा हिशेब दिला : एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप, चालत्या मुलाला तीन तासांची हालचाल, पहिल्या वर्षात पडदा अजिबात नाही आणि दोन ते चार या वयांत एक तासाहून अधिक नाही. हे आकडे मी नाकारत नाही. उलट ते वाचून मला आमच्या बाटलीला टेकलेल्या मोबाइलची लाज वाटली.

पण हे आकडे मराठी मध्यमवर्गीय घरात पोचतात ते पुन्हा त्याच व्याकरणातून. तासाचे तक्ते भिंतीवर लागतात. पाणी ओतण्याचा सराव देणारा लाकडी संच विकत येतो, गुंड्या लावण्याची चौकट विकत येते. जी कामे माँटेसरींनी घरातून उचलून शाळेत नेली, ती साधने होऊन, किंमत लावून, घरी परत आली. स्वयंपाकघरात लोटी-भांडे असते, पण तिथून मुलाला हाकलले जाते, कारण पाणी सांडते. आणि बैठकीच्या खोलीत ओतण्याचा संच मांडला जातो. यात शिकायला काही मिळत नाही असे नाही. पण पत्रावळीचा मुद्दा निसटतो. त्या संचातले पाणी कोणीही पिणार नसते, आणि हे दोन वर्षांच्या मुलाला कळते.

आजच्या सदरांत 'आईने'च्या जागी 'पालकांनी' आले आहे, ही सुधारणा म्हणायला हवी. मी मात्र अशा सदरांतली उदाहरणे तपासत गेले, तेव्हा माझ्यापुढच्या बहुतेक पानांवर 'पालक' बारकाव्यात शिरताच आई होत होता. डबा कोण भरते, रात्री कोण उठते, हे आले की वाक्य पुन्हा भावे प्रयोगात जाते.

७

वरणभाताच्या त्या प्रसंगानंतर मी मोबाइल बाजूला ठेवला. नातीपुढे तिची छोटी ताटली ठेवली, खाली जुने धोतर पसरले आणि तिला तिच्या हाताने खाऊ दिले. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. निम्मा भात धोतरावर, पाव भात केसांत. जेवण पाऊण तास चाले. मुलगी आणि माझे एकदा चांगलेच वाजले. "आई, तिचं पोट भरतंय का?" ती म्हणाली. तिची काळजी खरी होती. दिवसभर बाहेर राहणाऱ्या आईला लेकराचे पोट भरल्याची खात्री हवी असते आणि 'संपवलं' हा शब्द ती खात्री देत होता.

माझी बाजू मला पक्की वाटू लागली होती, तेव्हा आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनी ती मोडली. धोतर धुवायला टाकताना त्या म्हणाल्या, "आजी, आमची पोरगी वर्षाची होती तेव्हापासनं हातानं खाती. मला येळ कुठं होता भरवायला?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र पुढे काही सुचेना. मी वर्षभर वाचून ज्याला मुलाचे स्वातंत्र्य म्हणत होते, ते त्यांच्या घरात वेळ नसण्याचे दुसरे नाव होते. त्यांची लेक जेवणाची कर्ता होती, पण तिच्या समोर बसलेले कोणी नव्हते. आणि त्या वेळी त्या कोणाच्या तरी घरी भांडी घासत होत्या, आमच्यासारख्याच घरी.

म्हणून माझ्या सिद्धान्तात मला दुरुस्ती करावी लागली. 'भरवणे' वाईट आणि 'जेवणे' चांगले, एवढे ते सोपे नाही. काऊचा घास आणि चिऊचा घास म्हणत भरवणारी आजी प्रयोजकच असते. पण तिथे मूल खिडकीबाहेर कावळा शोधते, घास कोणाचा यावर हुज्जत घालते, मध्येच आजीच्या तोंडात घास कोंबते. क्रिया इकडून तिकडे जाते आणि परत येते. मोबाइल लावून भरवण्यात ती परत येत नाही. एकट्याने जेवण्यातही ती कुठे जात नाही. मुलाला कर्ता व्हायला समोर दुसरा कर्ता लागतो, ज्याच्याकडे त्याच्यासाठी सांडण्यापुरता वेळ आहे.

बालसंगोपनाच्या मराठी गद्याविषयी माझे म्हणणे असे की त्याने हा वेळ कधी मोजला नाही. झोपेचे तास आणि घासांचा हिशेब त्याने दिला. पण पाऊण तास जेवणाऱ्या मुलासमोर बसायला कोण मोकळे आहे, त्या वेळी त्या माणसाचे काम कोण करते, आणि ते करणाऱ्या बाईच्या मुलासमोर कोण बसले आहे, हे प्रश्न त्याने विचारले नाहीत. बोर्डीच्या अंगणात ते विचारले गेले होते. म्हणून मला अनुताईंचे पुस्तक आजही पुढचे वाटते आणि काल छापलेली सदरे मागची.

आमच्या घरात एवढेच बदलले. मावशी आल्या की आधी चहा होतो, आणि त्यांच्या लेकीला शाळेला सुटी असेल तर ती सोबत येते. ती आठ वर्षांची आहे. दुपारी माझ्या नातीसमोर ती जेवायला बसते आणि मी दोघींच्या समोर. कोणाला भरवत नाही. नातीला आता वरणभात ओळखू येतो. आज मीठ कमी आहे, असेही ती सांगते. मागच्या आठवड्यात मुलीने फोनवर विचारले, "जेवली का ती?" मी फोन नातीकडे दिला.

"मी जेवले," ती म्हणाली. "आजीचं अजून चाललंय."